खाणीवरची पिन

बसा, बसा. लाइट आत्ताच गेलीये, म्हणजे तासभर तरी येणार नाही. निशिगंधा चहा टाकतेय, आणि हा चार्जिंगचा दिवा चहा होईपर्यंत टिकेल. तुम्ही नवीन राहायला आलात म्हणून सांगतो, आपल्या या प्लॉटिंगमध्ये पावसाळाभर हे असंच चालतं.

फोन आला होता का तुमचा? कट केलात. असू द्या, नंतर बोला.

तर तुमची पार्सलं परत जातात, डिलिव्हरीवाल्यांना घर सापडत नाही, म्हणून तुम्हाला आमच्या घराचा पत्ता टाकायचाय. टाका की, आमची कसली हरकत? पण येताना तुम्ही गेटावरची पाटी बघत थांबला होतात. ग्रॅनाइटची आहे, वर पत्रा आहे, पाऊसही नाही, मग ती ओली कशी, असं निशिगंधाला विचारलंत. ती तुम्हाला काही बोलली नाही, कारण ते सांगायचं काम माझं आहे. ती पाटी पार्सलनेच आली.

मी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत आहे, क्वालिटीला. केसाएवढी चूक दिसली तरी माल परत पाठवतो. माझ्या टेबलापाशी पोरं दबकत येतात. आणि त्याच मी, स्वतःच्या घराच्या पत्त्यातली अर्ध्या कोसाची चूक दीड वर्ष चालवून घेतली होती. झालं असं, की आम्ही हा प्लॉट घेतला तेव्हा इथे नुसतं शेत होतं. एजंटचं पत्र्याचं ऑफिस पलीकडे, जुन्या दगडखाणीच्या काठावर होतं. तिथेच सह्या झाल्या, तिथेच पेढे वाटले, आणि तिथे उभं राहूनच एजंटने सगळ्या प्लॉटवाल्यांना मोबाइलवर लोकेशन पाठवलं. आम्ही सगळ्यांनी तेच 'घर' म्हणून जतन केलं. पुढे प्लॉट विकले गेले, एजंट ऑफिस गुंडाळून दुसरीकडे गेला. नकाशावरची ती पिन मात्र तिथेच राहिली.

त्यामुळे आमच्याकडे एक रीतच पडून गेली होती. डिलिव्हरीवाल्याचा फोन आला की म्हणायचं, "पिनकडे बघू नका. हिंदुरावांच्या किराणा दुकानापाशी या आणि फोन करा." पिन बदलायला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट कुणी काढलं नाही. त्यापेक्षा रोज फोनवर रस्ता सांगणं आम्हाला सोपं वाटायचं.

आणि आमचा आदिनाथ होताच. तुम्हालाही भेटेल तो. इथल्याच गावातला, घरची थोडी शेती, आणि दिवसभर गाडीवर पार्सलं. फार गोड माणूस. पार्सल देताना कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते विचारल्याशिवाय जायचा नाही. निशिगंधा ब्लाउज शिवते, तिचं अस्तर, लेस, बटणं सगळं तोच आणायचा आणि दारातूनच ओरडायचा, "वहिनी, आज पिशवी जड हाय, लग्नसराई दिसतीया!" पाणी प्यायचा आणि जाता जाता मला टोकायचा.

"दादा, तेवढी पिन हलवा की. मी डोळं झाकून येतो, माझं काय न्हाई. पर उद्या दुसरा कुणी आला तर थेट खाणीत जाईल न्हवं?"

"करतो रे. रविवारी करतो."

"तुमचा रविवार लई लांबचा हाय, दादा," असं म्हणून हसायचा.

गेल्या वर्षी श्रावणात निशिगंधाच्या मनात आलं, घराला नावाची पाटी हवी. पाटी नाही म्हणूनच घर कुणाला सापडत नाही, असं तिचं म्हणणं. मग आम्ही दोघांनी बसून मोबाइलवर ती पसंत केली. काळ्या ग्रॅनाइटची, सोनेरी अक्षरं, दोघांची नावं आणि खाली प्लॉट नंबर. तिला माझं 'निरंजन' आधी नको होतं, यावर थोडं भांडणही झालं. साधी, घरगुती गोष्ट.

पाटी यायची त्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती. निशिगंधा मंगळागौरीसाठी थेरगावला माहेरी गेली होती. आदिनाथला मुलगी झालेली, तो बारशाला सासरवाडीला गेला होता. आमच्या कंपनीत मोबाइल आत नेऊ देत नाहीत. गेटावर लॉकरमध्ये ठेवायचा आणि शिफ्ट सुटली की घ्यायचा. तसा मी तो घेतला, तर एकाच अनोळखी नंबरवरून मिस्ड कॉलची ही रांग! सगळे दिवेलागणीच्या सुमाराचे. खाली एक मेसेज होता.

'साहेब पिनवर आलोय. हितं घर न्हाई. फोन उचला.'

मी वाचला. बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली होती, डोळे मिटत होते. म्हटलं, परत गेला असेल, उद्या येईल. आणि घरी येऊन झोपलो.

सकाळी दूध आणायला गेलो तर हिंदुरावांचं दुकान उघडं आणि हिंदुराव जागेवर नाहीत. कुणीच नव्हतं. सगळे खाणीकडे गेले होते. गवत छातीएवढं वाढलं होतं, त्यातून माणसांची वाट पडली होती. पुढे गेलो. काही माणसं दोर आणि गळ टाकून काहीतरी ओढत होती. पाण्यावर पिवळ्या, पांढऱ्या पुड्या तरंगत होत्या. आधी मला वाटलं, कुणी निर्माल्य टाकलंय. मग कळलं, ती पार्सलं आहेत.

एजंटच्या ऑफिसचा सिमेंटचा ओटा अजून गवतात होता. त्यावर चाकाचा काळा ओरखडा होता आणि त्यानंतर खाली पाणी.

बुडालेला माणूस काळेवाडीचा निघाला, रंगराव नावाचा. त्याची लाइन, म्हणजे पार्सलं वाटायचा भाग, तिकडचीच. आदिनाथ रजेवर गेला म्हणून चार दिवस इकडची पार्सलं वाटायला आला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की पिनकडे बघू नका. सांगायचं ते फोनवर सांगायचं, आणि फोन लॉकरमध्ये वाजत होता.

मी दूध न घेता घरी आलो. कॉटवर बसलो. आणि पहिलं काम काय केलं असेल, तर तो मेसेज पुसून टाकला. मग पिन उचलून बरोब्बर आपल्या छपरावर आणून ठेवली. 'पत्ता दुरुस्त केल्याबद्दल धन्यवाद,' असं मोबाइलने म्हटलं. खरंच एक मिनिट लागलं. घाबरून हात आपोआप चालले, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला समजावत होतो. ते खोटं आहे. मला नीट कळत होतं मी काय करतोय.

त्याचा परिणाम काय होईल, हे मात्र कळलं नव्हतं.

आठवड्याने आदिनाथ आला. हसला नाही, पाणी मागितलं नाही. गेटाला धरून उभा राहिला.

"दादा, रंगरावकाकांचं शेवटचं पार्सल तुमचंच होतं."

"हो का?" मी म्हणालो.

"मीच त्यांना म्हणलं होतं, माझी लाइन बघा चार दिस. पिनचं सांगायचं राहिलं माझं. बारशाच्या गडबडीत ध्यानातच आलं न्हाई. मला झोप येत न्हाई दादा... पर हापिसात सायबांनी कॉम्प्युटर उघडून दावला. पत्ता बरोबर हाय. पिन तुमच्या घरावरच हाय." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी कधी हलवली वो?"

आता बोलायला हवं होतं. शब्द जिभेवर आला होता, देवाशप्पथ. पण मी म्हणालो, "अरे, लई आधीच. तू मागे बोललास ना, त्याच रविवारी."

त्याने मोठ्याने श्वास सोडला. त्याचा चेहरा उजळला, अहो. माझे आभारच मानायचे बाकी होते.

"मंग बरं झालं दादा. मला वाटलं माझ्यामुळं गेले." मग तो म्हणाला, "पर मंग काका तिकडं का गेले असतील? लोक म्हणत्यात, पिऊन होते... खरंच असंल बहुतेक. न्हाईतर रस्ता सोडून कोण कशाला जाईल खाणीत?"

म्हणजे बघा. त्याच्या डोक्यावरचं ओझं मी काढलं आणि मेलेल्या माणसावर टाकलं. आठ दिवसांत सगळीकडे तेच झालं. रंगराव पिऊन गेला. कुणी म्हणायचं, मुद्दामच गेला असेल. मी कंपनीच्या बसमध्ये ते ऐकत होतो, किराणा दुकानात ऐकत होतो आणि मान हलवत होतो.

त्याची बायको येऊन गेली. गिरजाबाई. हातात त्याचा फोटो घेऊन घरोघरी विचारत होती. आमच्या गेटाशी आली तेव्हा निशिगंधाने तिला आत बसवलं, चहा दिला. तिने चहाला हात लावला नाही.

"ताई, तुमच्याकडं येताना ह्यांचा फोन आला व्हता का? बोलताना जीभ जड लागत व्हती का, येवढंच सांगा."

"मी कामावर होतो," मी म्हणालो. ते खरंच होतं. तरी मला तिच्या चपलांकडे बघूनच बोलावं लागलं. ती बराच वेळ बसली आणि मग फोटो पदराखाली घेऊन उठून गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट लागली, म्हणजे संध्याकाळी मी घरी. निशिगंधा देवापाशी दिवा लावत होती आणि माझा मोबाइल वाजला. 'तुमचं पार्सल जवळ आलं आहे.' मी उघडलं. पाटीची ऑर्डर तर रद्द होऊन पैसेसुद्धा परत आले होते. पण ती यादीत पुन्हा वर आली होती. 'डिलिव्हरीसाठी निघालं आहे. डिलिव्हरी पार्टनर: रंगराव.' नकाशावर निळा ठिपका. खाणीवर.

कॉम्प्युटरची चूक, म्हटलं. होतात अशा. मोबाइल पालथा ठेवला. तेवढ्यात फोन आला, आणि त्या नंबरचे शेवटचे आकडे मी ओळखले.

आधी नुसतं पाणी हलल्याचा आवाज. विहिरीत कळशी सोडल्यावर येतो, तसा. मग अगदी अदबीने, थकलेला आवाज.

"साहेब... पार्सल व्हतं. पिनवर आलोय... हितं घर न्हाई."

मी फोन कापला. "कोण होतं?" निशिगंधाने विचारलं. "राँग नंबर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ठिपका खाणीवरून हलला. मी बघत होतो. पायवाटेने कडुलिंबापर्यंत आला, तिथे घुटमळला आणि मागे गेला. पुढच्या संध्याकाळी हिंदुरावांच्या दुकानापर्यंत. ठिपका दुकानापाशी उभा होता तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, हिंदुराव साखर तोलत होते, रस्त्यावर कुणीही नव्हतं. फक्त तिथली कुत्री उठून रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसली होती.

मग माझ्या लक्षात आलं. तो पत्ता शोधत होता. आणि आता त्याच्याकडे पत्ता बरोबर होता. मीच दिला होता.

दोन दिवसांनी निशिगंधा म्हणाली, "अहो, संध्याकाळी गेटाशी कुणीतरी येऊन उभं राहतं का? कडी वाजत नाही, पण कुणीतरी आहे असं वाटतं. आणि पायपुसणं रोज ओलं असतं. वास कसला येतो बघा त्याला."

मी हुंगलं. साचलेल्या पाण्याचा, शेवाळाचा आणि ओल्या दगडाच्या भुकटीचा वास. तो वास मी त्या सकाळी घेतला होता.

त्याच संध्याकाळी फोन आला. मी उचलला नाही, तरी तो आपोआप सुरू झाला.

"साहेब... आलोय. दारात हाय. कोड सांगता?"

पार्सल देताना ते चार आकड्यांचा कोड विचारतात ना, तो. मी आतल्या खोलीत होतो. दार आणि माझ्यामध्ये निशिगंधा मशिनवर बसली होती, पाठमोरी. तिचा पाय चालत होता आणि मशिनच्या आवाजात तिला काही ऐकू येत नव्हतं. मी उठून दार उघडायला हवं होतं. त्या माणसाला एकदा तरी तोंड दाखवायला हवं होतं. मी काय केलं? मोबाइल घेतला, पत्ता उघडला, आणि पिन उचलून पुन्हा खाणीवर नेऊन ठेवली.

ठिपका जागच्या जागी वळला. गल्लीतून, दुकानावरून, कडुलिंबावरून मागे गेला. सावकाश. पावसात चालत आलेल्या माणसाला दारातून परत लावावं आणि त्याने काही न बोलता जावं, तसा.

त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. हे सांगताना आजही माझी मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, हातपाय धुतले. बाहेर झिमझिम पाऊस होता, अंधारून आलं होतं. निशिगंधा काचेतून रस्ता बघत होती.

"कुणाची वाट बघतेस?"

"माझं अस्तर यायचंय. आज आदिनाथ नाही, कुणी तनुजा म्हणून मुलगी आहे. मघाशी फोन होता तिचा, रस्ता विचारत होती."

"मग? सांगितलास ना रस्ता?"

"कशाला? तुम्हीच म्हणालात ना, पिन दुरुस्त केलीये. मी म्हटलं, डोळे मिटून पिनवर या."

आमचं दोघांचं खातं एकच, म्हणून पत्ताही एकच. तिच्या मोबाइलवरही आणि माझ्याही.

निशिगंधाचा मोबाइल घेतला आणि चप्पल न घालताच मी पळालो. पळता पळता त्या मुलीला फोन लावला. रिंग वाजत राहिली, गाडी चालवताना कोण उचलणार? हिंदुराव दुकानातून ओरडले, "काय झालं राव?" मी थांबलो नाही. कडुलिंबापाशी गाडीचा आवाज कानावर आला आणि लगेच बंद पडला. गवत ओलं होतं, पाय घसरत होते. मी देवाला काय काय बोललो ते आता आठवत नाही. एवढंच आठवतं, की आपल्याला शिक्षा कर, त्या पोरीला नको, असं म्हणायचं मला सुचलंच नाही. मी म्हणत होतो, पुन्हा माझ्यावर येऊ देऊ नको.

स्कूटर सिमेंटच्या ओट्यावर उभी होती. दिवा चालू होता, त्याच्या उजेडात पावसाचे थेंब आणि पुढे काळी पोकळी. तनुजा हँडल धरून उभी होती. मला बघताच भडकली.

"तुम्हीच ना प्लॉट अठरा? काय पिन लावलीये सर ही? माणूस मरेल ना! ते काका नसते तर आत्ता मी खाली होते!"

"कोण... कोण काका?"

"आत्ता इथं होते. गाडीच्या समोर एकदम दोन्ही हात पसरून उभे राहिले. पूर्ण भिजलेले. मला म्हणाले, बाळ, थांब, पुढं घर न्हाई." ती मागे वळून बघू लागली. "इथंच होते. तुम्ही आलात आणि... कुठं गेले?"

काठाच्या पलीकडे फक्त पाणी होतं. पावसातही ते अगदी सपाट पडलं होतं.

"तुमचं काहीतरी राहिलंय त्यांच्याकडं," ती म्हणाली आणि तिने पायाशी ठेवलेलं एक जड, चिखलाने माखलेलं पुडकं उचलून मला दिलं. "म्हणाले, साहेब येतीलच पळत, त्यांना दे."

पिवळा कागद हातातच गळून पडला. आत काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. निरंजन. निशिगंधा. प्लॉट अठरा.

मी ओट्यावर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. ज्या माणसाला मी दारातून परत पाठवलं, तो माझी चूक अंगावर घ्यायला तिथे उभा होता. ती मुलगी बिचारी घाबरून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आदिनाथला बोलावलं आणि गेटातच सगळं सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "मी पण काकांना बेवडं म्हणलो, दादा." नुसतं एवढंच. मग आम्ही तनुजाला घेऊन काळेवाडीला गेलो.

गिरजाबाईची खोली एका गिरणीच्या वर होती. मी मेसेजचं सांगितलं, पिनचं सांगितलं, दोन्ही वेळचं. ऑफिसात आणि पोलिसांकडे लिहून देतो म्हणालो, आणि नंतर तसं दिलंही. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष तनुजाकडे होतं.

"पोरी, तू जवळून बघितलंस?"

"हो मावशी. एवढ्यावर होते."

"तोंडाला वास येत व्हता का गं?"

तनुजाने मान हलवली. "नाही मावशी. ओल्या दगडाचा वास येत होता. दारूचा नाही. एकदम व्यवस्थित बोलले माझ्याशी. सावकाश जा म्हणाले."

गिरजाबाईने पदर तोंडावर घेतला. खाली गिरणी चालू झाली, जमीन थरथरायला लागली. गिरणी थांबली तेव्हा ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"सगळी म्हणत व्हती म्हणून मला पण तसंच वाटाया लागलं, साहेब. रोज संध्याकाळी दिवा लावताना मी त्यांना शिव्या घातल्या. पिऊन मेलास, आमाला टाकून गेलास म्हणून. त्या आता मी माघारी कशा घेऊ?"

दर महिन्याला मी तिच्याकडे जातो, ती पाणी देते, मी पितो आणि येतो.

पाटी गेटावर लावली ती अशी. लावताना पुसली, रोज पुसतो, दिवेलागणीला ती ओली होतेच. खाणीला आम्ही वर्गणी काढून कुंपण घातलं होतं. परवाच्या पावसात त्याची एक बाजू ढासळलीये, बघायला हवं. घरोघरी जाऊन सगळ्यांच्या पिनाही मी स्वतः हलवून दिल्या. फक्त तुमच्याकडे यायचं राहिलं. रविवारी येणार होतो.

ऑर्डर मात्र बंद झाली नाही. पाटी हातात मिळाली, पण कोड कुणी विचारलाच नाही, त्यामुळे माझ्या मोबाइलवर अजून 'निघालं आहे' असंच दिसतं. ठिपका खाणीच्या काठावर उभा असतो, हलत नाही. त्यांचा फोन आला तर कोड सांगायचा आणि माफी मागायची, म्हणून मी रोज या वेळेला मोबाइल हातात घेऊन इथे बसतो. मला पुन्हा फोन आलेला नाही.

घ्या, चहा आला. साखर कमी वाटली तर सांगा.

अहो, पुन्हा वाजतोय तुमचा. मघाशीही कट केलात. अनोळखी नंबर आहे म्हणून? दाखवा बघू.

...

हा नंबर मला पाठ आहे. तो मोबाइल खाणीच्या तळाशी आहे, कुणाला सापडला नाही. तुम्हीही प्लॉट त्याच एजंटकडून घेतलात, म्हणजे तुमची पिनही तिथेच असणार, त्याने सगळ्यांना तीच पाठवली होती. आज कुणी तुमचं पार्सल घेऊन निघालंय का? आत्ता, या अंधारात?

चहा राहू द्या. उचला तो फोन... उचला. मी उचलला नव्हता.